बुकिंग नसलेला एक दिवस: आरव्हीतून पेज ते मोॲब, मधला मुक्काम कुठे?

मुक्कामपोस्ट
ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यासाठी २५ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या केबिनमागे बांधलेलं चाकांवरचं घर) भाड्याने घेतली आहे. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलं ११ आणि ७ वर्षांची, आणि सासूबाई. लास व्हेगासहून निघून झायन नॅशनल पार्क, मग पेज (ॲरिझोना), मग मोॲब (युटा). पेजची एक रात्र (हुकअपसकट, म्हणजे वीज-पाणी-सांडपाण्याच्या जोडणीसह) आणि मोॲबच्या दोन रात्री बुक आहेत. मधला एक दिवस-रात्र मुद्दाम मोकळी सोडली आहे. वाटलं तिथे थांबायचं, वाटलं तिथे चहा टाकायचा.

प्रश्न तीन. रात्री थांबायचं कुठे? हुकअप नसताना पाच माणसांना वीज-पाणी पुरतं का? आणि बीएलएमची (अमेरिकी सरकारच्या जमीन खात्याची) जमीन फुकट असते म्हणतात, तर तिथे कुठेही गाडी उभी केली की झालं?

घारुअण्णा_२
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. रुमाल टाकून ठेवतो.

टाकीमास्तर
दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच आहे. मुक्काम ठरवू नका, हरकत नाही. टाक्यांचा हिशोब मात्र पेज सोडायच्या आधी ठरलेला हवा.

या आकाराच्या गाडीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण ३५-४० गॅलन, ग्रे टँक (सिंक आणि शॉवरचं पाणी) ३० च्या आसपास, ब्लॅक टँक (संडास) २५-३०. नेमके आकडे गाडीच्या कागदांत असतात, ते बघा. स्वच्छ पाणी आधी संपेल असं सगळ्यांना वाटतं. आपल्या लोकांच्या बाबतीत आधी ब्लॅक टँक भरतो.

कसा ते बघा. पाच माणसं, दिवसाला सहा खेपा धरा, झाल्या ३०. एका फ्लशला अर्धा गॅलन. वर आपला तांब्या, लिटरभर म्हणजे पाव गॅलन. पाऊण गुणिले तीस, साडेबावीस गॅलन. एका दिवसात टाकी काठाला! तांब्याऐवजी ३०० मिलिची बाटली ठेवा, लघवीला पॅडल पूर्ण न दाबता दोन सेकंदच पाणी सोडा, आणि दिवसभर पेट्रोल पंपावरची, पार्कातली स्वच्छतागृहं वापरा. मग निम्म्यावर येतं.

पण अगदी कोरडाही ठेवू नका. पाणी कमी पडलं की कागद आणि मैला नळीच्या बरोबर खाली ढिगासारखा साचतो आणि घट्ट होतो. रिकामा केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायनाची पुडी टाकूनच निघायचं. हुकअपवर असतानाही ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच. उघडा ठेवला की पाणी वाहून जातं, बाकीचं तिथेच राहतं.

रानवाट
मास्तर, जेवायच्या वेळेला हे वाचलं.

टाकीमास्तर
आरव्हीवर जेवणाची टेबलं आणि ब्लॅक टँक यांच्यात चार इंचांची फळी असते. सवय करा.

कुंपणावरचा_सरडा
धागाकर्त्यांनी रस्ता नीट पाहिलाय का? झायनहून पेजला नकाशा सरळ झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून नेतो. बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब, आतून कमानीचा. ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ११ फूट ४ इंचांहून उंच गाडी आपल्या लेनमध्ये मावत नाही. तुमची क्लास सी दोन्हीत नापास होणार. आधी १५ डॉलर भरले की समोरची वाहतूक थांबवून मधून जाऊ द्यायचे. २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद, असं पार्क सर्व्हिसने जाहीर केलं आहे.

त्यामुळे हरिकेनवरून युटा ५९, पुढे तोच ॲरिझोना ३८९, फ्रेडोनिया, कनॅब आणि मग यूएस ८९ ने पेज. बोगदा चुकतो, रस्ता सरळ आहे, आरव्हीला उलट बरा.

मुक्कामपोस्ट
बापरे, हे माहीतच नव्हतं. धन्यवाद! सात फूट दहा इंचांत आरसे धरतात का?

कुंपणावरचा_सरडा
हो, आरसे धरून. पण आरसे मिटूनही क्लास सीचा मागचा डबा आठ फुटांच्या वर जातो. विषय संपला.

सह्याद्रीचा_बोका
माझं स्पष्ट मत. पाच माणसं, त्यात सासूबाई आणि सात वर्षांचं पोर, अशा वेळी 'अनप्लॅन्ड' वगैरे नाटकं करू नयेत. मॉन्युमेंट व्हॅलीच्या गोल्डिंग्जला हुकअपची जागा आजच बुक करा, रात्रभर हीटर लावून झोपा. वारीतसुद्धा पालखीचे मुक्काम ठरलेले असतात.

निळावंती
@बोका, वारीत पाण्याचे टँकरही पुढे गेलेले असतात. इथे टँकर स्वतःच चालवायचाय, एवढाच फरक. मुक्काम न ठरवता जाता येतं, फक्त पर्याय उतरत्या क्रमाने तीन हवेत आणि दिवस मावळायच्या तासभर आधी पहिल्या पर्यायावर पोचायला हवं.

पेज ते मोॲबच्या मधे माझा क्रम असा राहील. पहिला गूसनेक्स स्टेट पार्क. मेक्सिकन हॅटपासून यूएस १६३ ने चारेक मैल, युटा २६१ ने मैलभर, मग डावीकडे ३१६ वर साडेतीन मैल, शेवटपर्यंत डांबरी. सॅन वान नदी १००० फूट खाली वेटोळे घेते, आणि मुक्कामाच्या जागा थेट काठावर. बुकिंग नाही, येईल त्याला जागा, थोडी फी. पाणी नाही, वीज नाही, कोरडा संडास आहे. (मास्तर, तिथे तुमच्या ३० मधल्या दहा खेपा वळवता येतील.)

ती भरली तर ब्लफजवळचं सँड आयलंड, बीएलएमचं साधं कॅम्पग्राउंड, नदीकाठी. तेही भरलं तर ब्लफमधला कुठलाही खाजगी आरव्ही पार्क, संध्याकाळी पाचला फोन करून.

एक सावधगिरी. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात युटातल्या शाळांना गुरुवार-शुक्रवारची सुट्टी असते. अख्खं सॉल्ट लेक सिटी ट्रेलर जोडून दक्षिणेला उतरतं. तुमचा मोकळा दिवस त्यात येत असेल तर दुपारी तीनपर्यंत काठावर पोचा.

पाटीलबुवा_ॲरिझोना
व्हॅली ऑफ द गॉड्स कोणी कसं सुचवलं नाही? मॉन्युमेंट व्हॅलीसारखेच सुळके, बीएलएमची जमीन, पूर्ण फुकट, गर्दी नाही. १७ मैलांचा कच्चा रस्ता आहे, मधे मधे आधीच्या लोकांनी वापरलेल्या जागा दिसतात.

कुंपणावरचा_सरडा
कोणी सुचवलं नाही कारण गाडी भाड्याची आहे. बहुतेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीला विमा लागू नाही असं कलम असतं. टायर फाटला, टो ट्रक मागवला, सगळं खिशातून. शिवाय पूर्वेकडून शिरलं की लगेच लाइम क्रीकचा कोरडा ओढा गाडीनेच ओलांडावा लागतो. २५ फुटी क्लास सीचं बूड मागच्या चाकांच्या मागे सात-आठ फूट लोंबत असतं. ओढ्यातून वर चढताना तेच घासतं, आणि तिथेच खाली डंपचा (टाक्या रिकाम्या करायचा) पाइप असतो.

पाटीलबुवा_ॲरिझोना
पाइपचा मुद्दा मान्य. पण रस्ता कोरडा असताना साध्या मोटारी आरामात जातात.

निळावंती
मोटारी जातात, हो. पाऊस पडला की मात्र तिथल्या चिकणमातीचा साबण होतो. चाक फिरत राहतं, गाडी आडवी सरकते, चार चाकांना ताकद असली तरी. आदल्या दोन दिवसांत सर आली असेल तर स्वतःची गाडी असली तरी नको.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देते. 'कुठेही' नाही. बीएलएमवर आधी वापरलेल्या जागीच थांबायचं (जमीन घट्ट, दगडांचं चुलाण, चाकांच्या खुणा), नवी वाट पाडायची नाही, साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांची मर्यादा. नॅशनल फॉरेस्टमध्ये कुठल्या रस्त्याकडेला मुक्काम चालतो ते त्यांच्या मोटर व्हेइकल यूज मॅपवर टिंबांनी दाखवलेलं असतं, हा नकाशा फुकट उतरवता येतो. नॅशनल पार्कात पार्किंगमध्ये किंवा रस्त्याकडेला झोपता येत नाही. आणि तुमच्या वाटेचा मोठा भाग नवाहो नेशनचा (नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाचा) आहे. तिथे रिकामी दिसणारी जमीन कोणाची तरी असते. परवान्याशिवाय मुक्काम नाही. दारूबंदीही आहे, हे लक्षात असू द्या.

उकडीचा_मोदक
नवाहो नेशनचा विषय निघालाच आहे तर: मॉन्युमेंट व्हॅलीची आतली १७ मैलांची फेरी आरव्हीला बंद आहे. गाडी व्हिजिटर सेंटरला लावून त्यांच्या जीपगाड्यांतून जायचं. सासूबाईंना त्या उघड्या गाडीत हाडं खिळखिळी होतील, व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवरून तेच तीन सुळके सुंदर दिसतात.

वडापाव_इन_मोहावी
घड्याळाचं कोणी सांगितलं का? ॲरिझोना उन्हाळी वेळ (घड्याळ तासभर पुढे) पाळत नाही. नवाहो नेशन पाळतं. युटा पाळतं. पेज नवाहो नेशनच्या बाहेर. पेजहून नऊला निघून कयेंटाला दोन तासांत पोचलात तर तिथल्या घड्याळात बारा वाजलेले असतात. तुमचा 'तीनपर्यंत काठावर' हा हिशोब एका तासाने आधीच चुकलेला.

मैल: पेज ते कयेंटा सुमारे ९८ (ॲरिझोना ९८, मग यूएस १६०), तिथून मॉन्युमेंट व्हॅली २५, तिथून मेक्सिकन हॅट आणखी २५, गूसनेक्स ८. एकूण १५५ च्या आसपास. आरव्हीला साडेतीन तास धरा, थांबे वेगळे. ऑक्टोबरच्या मध्यावर गूसनेक्सला सूर्य युटाच्या घड्याळाने पावणेसातच्या सुमारास मावळतो.

टाकीमास्तर
आता वीज. रात्री खरी वीज खातो तो हीटरचा पंखा. हीटर चालतो प्रोपेनवर, पण हवा ढकलणारा पंखा बॅटरीवर, ७-८ अँपिअर. बाहेर ४ अंश असेल तर हीटर रात्रीच्या आठ तासांत निम्मा वेळ चालू राहील. म्हणजे चार तास, ३० अँपिअर-तास. गॅस डिटेक्टर, फ्रिजचं बोर्ड, दिवे, पाण्याचा पंप मिळून आणखी १५. झाले ४५. एकच लेड-ॲसिड बॅटरी असेल (सुमारे ९० अँपिअर-तास) तर बरोबर निम्मी. निम्म्याच्या खाली नेऊ नये, म्हणजे ४५ ही हद्द. दोन असतील तर निवांत.

पॅनेलवरचा बॅटरीचा आकडा इंजिन चालू असताना कायम भरलेलाच दिसतो, कारण अल्टरनेटर चार्ज करत असतो. गाडी बंद करून, दिवे मालवून अर्ध्या तासाने बघा. १२.६ व्होल्टला भरलेली, १२.१ ला निम्मी.

हीटर ३०,००० बीटीयूचा असेल तर एक गॅलन प्रोपेन सलग तीन तास पुरतं. एका रात्रीला दीड गॅलन पकडा. प्रोपेनची टाकी ८०% च भरतात, तेवढ्याला ती 'फुल' म्हणायची.

मुक्कामपोस्ट
सासूबाई रात्री सीपॅप (झोपेत श्वास सुरळीत ठेवणारं) मशीन लावतात. ते चालेल ना?

टाकीमास्तर
इन्व्हर्टर लावून चालवू नका, त्यातच बरीच वीज वाया जाते. मशीनच्या मॉडेलप्रमाणे १२ व्होल्टचा अडॅप्टर घ्या, आधी घरी गाडीच्या सॉकेटवर लावून बघा. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तर खप बराच कमी होतो. पण एक बॅटरी, हीटर आणि सीपॅप हे तिन्ही एकत्र बसत नाही. गाडी ताब्यात घेताना बॅटऱ्या किती ते उघडून बघाच.

जनरेटर रात्री नको, शेजारी शिव्या घालतात. संध्याकाळी जेवण होईतो तासभर, सकाळी तासभर. तो गाडीच्याच पेट्रोलवर चालतो, तासाला अर्धा गॅलनच्या आसपास, आणि टाकी पावभर उरली की आपोआप बंद पडतो, म्हणजे तुम्ही अडकू नये. लोकांना वाटतं बिघडला. मायक्रोवेव्ह, एसी आणि भिंतीतले प्लग फक्त जनरेटर किंवा हुकअपवरच.

घारुअण्णा_२
म्हणजे चहासाठी मायक्रोवेव्ह नाही. पातेलंच. प्रगती झाली म्हणायची.

सुगरण_ऑन_व्हील्स
स्वयंपाकाबद्दल कोणी बोलणार की नाही?

गूसनेक्स ५००० फुटांवर आहे. तिथे पाणी ९५ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजत बसते आणि प्रोपेन जळत राहतं. कुकर न्याच, तीन लिटरचा. घरच्यापेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त. अडचण अशी की शेगडीच्या बरोबर वर मायक्रोवेव्ह असतो आणि मधे जेमतेम सव्वा-दीड फूट. शिट्टीची वाफ थेट त्याच्या बुडाला लागते, मग पाण्याचे थेंब शेगडीवर. पुढच्या बर्नरवर कुकर ठेवा, मागच्यावर नाही.

फोडणी घालायच्या आधी छतावरचा पंखा चालू आणि समोरची खिडकी उघडी. नाहीतर मोहरी तडतडायच्या आत धुराचा अलार्म कोकलतो, आणि तो झोपायच्या कप्प्याला लागूनच असतो. लाल मिरचीची फोडणी आरव्हीत करूच नये. घरून घट्ट वाटण, भाजलेला रवा, मेतकूट न्या. पिठलं-भात वीस मिनिटांत होतो.

भांडी: आधी कागदाने पुसून मग पाणी. ताटातलं तेल आणि भाताची शितं ग्रे टँकमध्ये गेली की दुसऱ्या दिवशी उन्हात गाडी खानावळीसारखी वास मारते. आणि सिंक पांढऱ्या प्लास्टिकचं असेल तर हळदीची कढी त्यात रिकामी करू नका, डाग जात नाहीत, डिपॉझिट जातं.

थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड. यात गंमत नाही.

रानवाट
अवांतर: हे सगळं कोकणात कधी? कॅरॅव्हॅन घेऊन गुहागर, वेंगुर्ला...

सह्याद्रीचा_बोका
महाराष्ट्राचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे. पण डंप स्टेशन कुठे आहे ते सांगा. त्याशिवाय ती फक्त झोपायची बस.

घारुअण्णा_२
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

उकडीचा_मोदक
मूळ मुद्द्याकडे. फ्रिज जुन्या पद्धतीचा, प्रोपेनवर चालणारा असेल तर उभ्या गाडीत तो समतल लागतो. कुशीला साधारण तीन अंशांहून जास्त कलला तर थंडच होत नाही, तसाच चालवत राहिलात तर कायमचा जातो. म्हणून पिवळे प्लास्टिकचे ठोकळे. फोनवरचं लेव्हल फ्रिजच्या तळाशी ठेवून बघायचं, डॅशबोर्डवर नाही. बुटकी बाजू ठरवा, त्या बाजूच्या चाकांपुढे ठोकळ्यांचा उतार रचा, हळू चढवा, एकाने बाहेर उभं राहून 'बस' म्हणायचं. मागे जोडचाकं असतात, ठोकळे दोन्हींखाली पूर्ण हवेत. एकच टेकलं तर सगळा भार त्या एका टायरवर.

गूसनेक्सला काठाशी कठडा नाही. सात वर्षांच्या मुलासाठी दार काठाच्या उलट बाजूला येईल अशी गाडी लावा. आणि तिथे वारा आहे, छत्रीवजा ऑनिंग उघडं टाकून झोपू नका, एका झोतात उलटं होऊन छतावर पडतं.

पाटीलबुवा_ॲरिझोना
बरं, मी माघार घेतो, गूसनेक्सच. दुसऱ्या दिवशी मात्र २६१ ने तसंच पुढे जायचा मोह होईल. पुढे मोकी डगवे आहे: तीन मैल खडीचा घाट, वळणं ५ मैल वेगाची, चढ १०-११%, एकदम ११००-१२०० फूट वर. पाटीवर २८ फूट आणि १०,००० पौंडांची शिफारस आहे. २५ फूट म्हणजे चालतंय असं वाटेल. पण ई-४५० (फोर्डच्या सांगाड्या) वरच्या क्लास सीचं भरलेलं वजन १४,५०० पौंडांपर्यंत जातं. लांबीत बसता, वजनात नाही. २६१ ने मागे येऊन यूएस १६३ ने ब्लफ, मग १९१ ने मोॲब. सगळं डांबरी, गूसनेक्सपासून सव्वाशे-दीडशे मैल.

पेट्रोल पेजला पूर्ण भरा, कयेंटाला पुन्हा. ८-१० मैल गॅलनला मिळतात, समोरून वारा असला तर त्याहून कमी. पंपावरून निघताना लगेच चाक वळवू नका. मागचं बूड उलट्या दिशेला फूटभर फिरतं आणि पंपाचा पिवळा खांब नेमका तिथेच असतो.

वडापाव_इन_मोहावी
डंपचा क्रम सांगून टाकतो, कारण पेज सोडताना करायचाच आहे. हातमोजे. होज (सांडपाण्याची नळी) डंपच्या तोंडात पक्का बसवा, वर दगड किंवा पाय. आधी ब्लॅक, पूर्ण वाहू द्या, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुतला जातो. उलटं केलंत तर होजमध्ये काय राहतं ते सांगायला नको. दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून मगच होज काढा. डंपजवळचा नळ होज धुण्यासाठी असतो, प्यायचं पाणी त्यातून कधीही भरायचं नाही. प्यायच्या पाण्याचा होज पांढरा, वेगळ्या कप्प्यात.

ब्लॅक रिकामा करूनही पॅनेलवर 'दोन तृतीयांश' दिसेल. घाबरू नका, टाकीतल्या सेन्सरला कागद चिकटतो. भाड्याच्या गाड्यांत हे फारच कॉमन.

मुक्कामपोस्ट
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं: पेजला डंप, पाणी पूर्ण, प्रोपेन पूर्ण, कयेंटाला पेट्रोल, गूसनेक्स तीनपर्यंत (युटाच्या घड्याळाने!), नाहीतर सँड आयलंड. मोकी डगवे नाही. आता हा 'अनप्लॅन्ड' दिवस राहिला का हा वेगळा प्रश्न.

शेवटची शंका. पाणी पूर्ण भरलं तर ४० गॅलनचं ओझं वाहत न्यायचं ना? मायलेजला फटका?

टाकीमास्तर
४० गॅलन म्हणजे ३३० पौंड. सहा टन गाडीला जाणवतही नाही. भरा.

सह्याद्रीचा_बोका
गोल्डिंग्जचा नंबर तरीही जवळ ठेवा.

उकडीचा_मोदक
आणि सकाळी निघताना: पायरी आत, छताच्या खिडक्या बंद, पंप बंद, फ्रिजच्या दाराची कडी, ऑनिंग. ठोकळ्यांवरून उतरल्यावर एकाने खाली उतरून ते उचलायचे. लोक हमखास विसरतात. गूसनेक्सला पोचल्यावर दोन-चार बेवारस पडलेले दिसले तर खुशाल वापरा.